राणीछाप रुपया सापडला? आधी चिंच खाली ठेवा

आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात जुनं घर उतरवायला काढलं की दोन वस्तू हमखास निघतात. माळ्यावरची पाळण्याची कडी, आणि देव्हाऱ्यामागच्या डब्यात चार-दोन चांदीचे रुपये. कडी भंगारात जाते, रुपयांवरून मात्र घरात बैठक बसते. धाकटा मोबाइलमध्ये बघून सांगतो, "हे लाखात जातंय." थोरला म्हणतो, "सराफाकडे टाक आणि मोकळा हो." तेवढ्यात एखादी मावशी मोरीत जाऊन चिंच भिजत घालते.

तिघांचंही चुकतं, पण सगळ्यांत महागात पडते ती मावशी. हे मी सांगू शकतो, कारण आमच्या घरातली मावशी मीच होतो. आजीकडे निपाणीच्या तपकिरीचा पत्र्याचा डबा होता, त्यात सहा रुपये आणि एक पावली. आठवीत असताना दिवाळीच्या आदल्या दिवशी मी ते सगळे चिंच आणि चुलीतली राख लावून घासले. लक्ष्मीपूजनाला असे झळकले की आजीनं सगळ्यांना बोलावून दाखवले. पुढे वीसेक वर्षांनी त्यातला एक रुपया घेऊन शहापुरात एका म्हाताऱ्या सराफाकडे गेलो. त्यांनी तो कडेनं धरला, खिडकीकडे तिरपा केला आणि मला जवळ बोलावलं. राजाच्या गालावर केसाएवढ्या बारीक रेघा होत्या, शेकडो, सगळ्या एकाच दिशेनं.

"घासलास नव्हं हे?"

"लहानपणी."

"मग आता तोळाभर चांदी म्हणून ठेव गा."

म्हणून पहिली पायरी अशी: नाणं कडेनं धरा, अंगठा चेहऱ्यावर टेकवू नका, आणि काहीही लावू नका. चिंच, लिंबू, राख, रांगोळी, दातांची पावडर, भांड्यांची पावडर, काहीच नाही. चांदी काळवंडते ती हवेतल्या गंधकामुळे. शंभर वर्षांत तिच्यावर एक पातळ थर बसतो, कधी राखाडी, कधी कडेला निळसर-तांबूस. गोळा करणारे लोक याच थराचे पैसे देतात. हळद-कुंकू चिकटलं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ठेवा, चोळू नका, मऊ कापडावर पालथं टाकून वाळू द्या. तेवढ्यानं निघालं नाही तर कुंकू तसंच राहू द्या.

दुसरी पायरी, चेहरा ओळखा. आपल्याकडे निघणारे दहातले नऊ रुपये इंग्रजी अमलातले असतात, जुन्या माणसांचे कलदार. कलदार म्हणजे कळीवर, यंत्रावर पाडलेले. १८३५ पर्यंत जवळजवळ प्रत्येक टांकसाळीचा रुपया वेगळा होता, आणि एका गावचा रुपया दुसऱ्या गावी चालवायचा तर सराफ बट्टा कापायचे. 'नावाला बट्टा लागला' म्हणतो तो हाच बट्टा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं सगळीकडे एकच रुपया केला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. चांदी बारा भागांत अकरा. आजी वैद्याच्या काढ्यात 'रुपयाभार सुंठ' म्हणायची, ती वजनालाच रुपया घालायची.

कंपनीच्या रुपयांवर मागच्या बाजूला कंपनीचं इंग्रजी नाव असतं. १८३५ साल असेल तर चेहरा चौथ्या विल्यमचा. १८४० साल असेल तर तरुण, मुकुट नसलेली व्हिक्टोरिया. इथे एक गंमत आहे. कंपनीनं १८४० हे साल नाण्यावर तसंच ठेवलं आणि पुढची वीसेक वर्षं तेच पडत राहिलं. तेव्हा तुमचा १८४० चा रुपया १८५७ च्या बंडानंतरचाही असू शकतो. राणीचं नाव डोक्यावरून सलग गेलंय की डोक्याच्या दोन बाजूंना तुटलंय ते बघा, हे दोन वेगळे छाप आहेत. सलगवाला आधीचा.

१८६२ पासून मुकुटवाली राणी. इथेही तेच, १८७४ पर्यंत साल १८६२ च. मुंबईच्या टांकसाळीनं मात्र सालाच्या खाली आणि वरच्या अक्षरांजवळ बारीक ठिपके घातले, आणि त्या ठिपक्यांवरून खरं वर्ष कळतं असं जाणकार मानतात. भिंग घ्या आणि मोजा. आमच्या डब्यातल्या दोन १८६२ च्या रुपयांचे ठिपके वेगवेगळे निघाले, तेव्हा मला पहिल्यांदा या नादाची चटक लागली. १८७७ पासून नावापुढची 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आली. बाजारात दोघीही राणीछापच.

१९०३ ते १९१० सातवा एडवर्ड. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही, टक्कल दिसतं. आमची आजी त्याला बोडका राजा म्हणायची आणि पूजेत तो मागच्या रांगेत असायचा. १९११ पासून पाचवा जॉर्ज, दाढीवाला, मुकुट आणि भरजरी झग्यासह. १९३८ पासून सहावा जॉर्ज, दाढी नसलेला.

१९११ च्या रुपयाची गोष्ट सांगायलाच हवी. राजाच्या झग्यावर एक बिल्ला आहे, त्यावर हत्ती. पहिल्या वर्षी कारागिरानं हत्तीची सोंड आणि पाय असे आखूड काढले की लोकांना ते डुक्कर वाटलं. बोंब झाली, नाणी परत बोलावली. पाडलेल्या ९४ लाखांतले जेमतेम सात लाख बाहेर गेले होते, बाकीचे वितळवले. १९१२ मध्ये हत्तीला नीट सोंड आली. तुमच्याकडे १९११ चा असेल तर तो हत्ती भिंगातून जरूर बघा, आणि १९१२ च्या शेजारी ठेवून बघा. साध्या जॉर्जपेक्षा त्याला बरे पैसे येतात. पण मोबाइलवाला धाकटा म्हणतो तसे लाख नाहीत, कारण सात लाख नाणी काही थोडी नसतात.

तिसरी पायरी, टांकसाळ. रुपये मुख्यतः मुंबई आणि कलकत्ता इथे पडले. पाचव्या जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर मागे, खालच्या बाजूला फुलाखाली एक उठावाचा ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयावर तो नसतो. जुन्या राणीछापावर खालच्या नक्षीत बारीक इंग्रजी 'बी' किंवा 'सी' सापडू शकतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हे दिसत नाही. सकाळी दहाच्या सुमाराला पडवीत बसा, नाणं तिरपं धरा. एकाच सालाचे दोन रुपये, एक ठिपक्याचा आणि एक बिनठिपक्याचा, यांच्या किमतीत कधी कधी मोठा फरक असतो. १९२१ आणि १९२२ चे कमी दिसतात. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया तर खरोखरच दुर्मिळ. म्हणूनच त्याची नक्कलही सगळ्यांत जास्त. कुणी १९३९ चा हातावर ठेवला तर आधी संशय घ्या, मग आनंद माना.

याउलट १९१७ ते १९२० चे रुपये पोत्यानं आहेत. पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली, तेव्हा अमेरिकेनं आपले २५ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी इंग्रजांना विकली, ती मुख्यतः हिंदुस्थानच्या रुपयांसाठीच. म्हणजे तुमच्या आजीच्या १९१८ च्या रुपयात अमेरिकन डॉलरची चांदी असण्याची चांगलीच शक्यता आहे. किंमत मात्र त्यानं वाढत नाही.

चौथी पायरी, वजन आणि कस. इथे नवखी माणसं सगळ्यांत जास्त फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात लोकांनी रुपये दडवायला सुरुवात केली. १९४० मध्ये सरकारनं चांदी निम्म्यावर आणली. ५० टक्के चांदी, ४० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. त्या रुपयाच्या कडेवर दातांच्या मधून एक खोबण फिरलेली असते. खोटे पाडणाऱ्यांना जमू नये म्हणून ती घातली होती. वजन तेच, ११.६६ ग्रॅम, पण शुद्ध चांदी ५.८३ ग्रॅमच. त्याआधीच्या रुपयात ती १०.६९ ग्रॅम असते. पुढे या युद्धात अमेरिकेकडून उसनी घेतलेली चांदी फेडायची होती, म्हणून १९४७ चा रुपया निकेलचा आला, मागे वाघ असलेला. तो दिसायला अगदी चांदीसारखा. फ्रिजवरचं चुंबक लावा, टक्क करून चिकटेल. चांदी चिकटत नाही. संकेश्वरकडच्या आमच्या एका नातेवाइकांनी दहा वाघछाप रुपये 'शुद्ध चांदी' म्हणून तिजोरीत जपले होते. चुंबक लावल्यावर घरात बराच वेळ कुणी बोललं नाही.

चुंबकाला न चिकटणारं सगळंच चांदी असतं असं मात्र नाही. पितळ, जर्मन सिल्व्हर, शिसं, हेही चिकटत नाही. त्यासाठी पाण्याची परीक्षा करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा बाजारात स्वस्तात मिळतो. त्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. नाण्याला बारीक दोरा बांधून ते पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. जुन्या रुपयाला काटा १.१३ च्या आसपास दाखवतो, म्हणजे भागाकार सव्वादहाच्या थोडा वर. १९४० नंतरच्याला १.२२ च्या आसपास, भागाकार साडेनऊ. १.३५ दाखवला की समजा, मिश्र धातूचा ठोकळा आहे. नाण्याला ओरखडा नाही, कसोटीचा दगड नाही, ॲसिड नाही.

आणि कान वापरा. टेबलावर आपटू नका, कड वाकते. बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्यानं हलकेच टिचकी द्या. चांदी खणखणते आणि नाद रेंगाळतो. ओतीव नक्कल बद्द वाजते. खणखणीत माणूस म्हणतो आपण, तो शब्द सराफाच्या पेढीवरूनच आला असणार.

झिजलेल्या नाण्याचं वजन ११.३ किंवा ११.४ भरलं तरी घाबरू नका, बोटांनी झिजतं ते. ११.९ भरलं तर मात्र विचार करा. कडी लावून माळेत घातलेला रुपया असेल तर कडी जोडलेला डाग काढल्याची खूण वरच्या कडेवर दिसते. अशा नाण्याला संग्राहक सहसा चांदीपुरतंच मोजतात.

पाचवी पायरी, हिशेब. सोपा जावा म्हणून चांदीचा भाव किलोला एक लाख धरू, म्हणजे ग्रॅमला १००. जुन्या रुपयात १०.६९ ग्रॅम, म्हणजे १,०६९ रुपयांची चांदी. १९४० नंतरच्यात ५८३ ची. अधेली म्हणजे निम्मं, पावली म्हणजे चौथाई, आणि चांदीची चवली आठवा भाग. चांदीची चवली १९१७ पर्यंतच. त्या दिवशीचा भाव घालून हा आकडा घरूनच काढून जा आणि कागदाच्या कपट्यावर लिहून खिशात ठेवा. सराफ मोडीच्या भावात घेईल, घट कापेल, ते त्याच्या धंद्याला धरूनच आहे. पण १९१६ आणि १९४५ चे रुपये एकाच ढिगात एकाच भावानं तोलायला लागला तर हात पुढे करा. माझ्या बाबतीत एका दुकानात नेमकं हेच झालं. मी कपटा काढल्यावर ढीग निमूटपणे दोन झाले. आपल्याकडे पेढीवर मराठी-कानडी दोन्ही चालतं. 'बेळ्ळी' म्हणा की चांदी म्हणा, काट्याला भाषा कळत नाही.

हा आकडा म्हणजे तळ. याच्या वर जे मिळतं ते साल, टांकसाळ आणि अंगावरची झळाळी यांचं. राजाच्या भुवया, राणीच्या झग्यावरची फुलं, मुकुटातले मोती, हे सगळ्यांत उंच भाग आधी झिजतात. तिथली नक्षी शाबूत असेल, आणि नाणं फिरवलं की उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरत असेल, तर ते नाणं फार वापरात आलेलं नाही. शहापुरात दाखवलेला माझा घासलेला रुपया एडवर्डचा, त्यावर उजेड फिरत नाही, सगळा एकदम चमकतो. फरक एकदा डोळ्यात बसला की विसरत नाही. खरोखर चांगलं नाणं असेल तर एनजीसी किंवा पीसीजीएस या संस्था तपासून दर्जा ठरवतात आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करून देतात. शे-दोनशे रुपये जास्तीच्या नाण्यासाठी तो खर्च करू नका.

सहावी पायरी, इंग्रजी नसलेली नाणी. हा भाग मला सगळ्यांत आवडतो, कारण सीमेवरचं गाव असल्यानं आपल्या डब्यात सगळ्या बाजूंचे पैसे येऊन पडलेत. खानापूर, लोंढा, चोर्ल्याकडच्या घरांत गोव्याचे पोर्तुगीज रुपये निघतात. १८८१-८२ चे लुईश राजाचे, १९०३-०४ चे कार्लुश राजाचे. 'रुपिया' असं रोमन लिपीत लिहिलेलं असतं. लुईशचे रुपये वजनानं इंग्रजी रुपयासारखेच, म्हणून घाटाच्या दोन्ही अंगांना चालत. भालकी-बीदरच्या पाहुण्यांकडून आलेल्या डब्यात चारमिनारचं चित्र असलेला हैदराबादचा हाली रुपया सापडतो. तो थोडा हलका असतो, चांदीही कमी.

आणि कधीतरी एखादं जाडजूड, वेडंवाकडं, फारसी अक्षरांचं नाणं निघतं. ते मोडीत घालण्याआधी दहा वेळा थांबा. मराठ्यांच्या राज्यातही रुपये मोगल बादशहाच्याच नावानं पडत, म्हणून फारसी दिसलं की 'मुसलमानी नाणं' म्हणून सोडून देऊ नका. ठसा मोठा आणि चकती लहान असल्यानं अर्धीच अक्षरं उमटतात. टांकसाळ ओळखायची ती खुणांवरून. पुण्याच्या रुपयावर अंकुश असतो, तोच अंकुशी रुपया. आपल्या गोकाकचीही टांकसाळ होती, नाण्यावर नाव 'आझमनगर गोकाक'. आझमनगर हे बेळगावचं मोगली नाव, आता ते शहरातल्या एका वस्तीपुरतं उरलंय. बेळगावचा किल्ला १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला, त्याच्या आधीचा हा पैसा. असं नाणं निघालं तर दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा आणि वाचणाऱ्याला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मुंबईला जाणं झालं तर फोर्टात रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय बघून या, अर्ध्या दिवसात नजर तयार होते.

एक नाणं मात्र कुणालाही दाखवायला नेऊ नका. एका बाजूला रामपंचायतन किंवा मारुती, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि १८१८ साल. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलं नाही. जत्रेतला बिल्ला आहे तो. देव्हाऱ्यात ठेवा, देव खराच आहे.

सातवी पायरी, विकणं. घाई नको. निदान दोन ठिकाणी विचारा, एक सराफ आणि एक नाण्यांचा व्यापारी. सराफ चांदी बघतो, व्यापारी साल बघतो. नाणं मागच्या खोलीत नेऊ देऊ नका. ऑनलाइन 'तुमच्या नाण्याचे पाच लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा' असं कुणी म्हणालं की फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असं कमिशन मागणाऱ्यांविरुद्ध बँकेनं स्वतःच ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. बँक अशा व्यवहारात पडत नाही.

कायदाही थोडा माहीत असू द्या. आजीच्या डब्यातले रुपये घरचेच. पण शेत नांगरताना किंवा पाया खणताना गाडगं निघालं तर ते गुप्तधन ठरतं, आणि ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कर्नाटकाचा त्यासाठी १९६२ चा वेगळा कायदा आहे. शंभर वर्षांवरचं नाणं पुरातन वस्तूत मोडतं, परवानगीशिवाय परदेशी पाठवता येत नाही. दुबईच्या भाच्याला कौतुकानं देताना हे लक्षात ठेवा.

विकायचं नसेल तर ठेवायचं कसं, एवढंच उरलं. आपल्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने ओल. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांचे अल्बम घेऊ नका, त्यातून हिरवट चिकटा सुटतो आणि चांदीत शिरतो. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरीचं कापड, तिन्ही नकोत, त्यांत गंधक असतं. प्रत्येक नाणं वेगळ्या कोऱ्या कागदी पाकिटात, वर पेन्सिलीनं साल, टांकसाळ, वजन आणि ते कुणाकडून आलं हे लिहा. सोबत सिलिका जेलची पुडी, दसऱ्याला बदलायची.

आमच्या डब्यातले उरलेले पाच रुपये आणि पावली मी असेच ठेवलेत. सराफाला दाखवलेला तो एडवर्ड तेवढा अजून तपकिरीच्या डब्यात आहे. त्याला दिवाळीला बाहेर काढतो, आणि आता तो पहिल्या रांगेत असतो.